बडोद्यातून घाऊक वीजबाजाराकडे: टंचाई, कमाल भाव आणि आयोग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा जीआयडीसीतले कारखानदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी, इंजिनिअरिंगची मुलं आणि 'आमच्या जीईबीच्या काळात असं नव्हतं' असं म्हणणारे निवृत्त काका या विषयावर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

घाऊक वीजबाजार म्हणजे काय, आणि बडोद्याचा त्याच्याशी काय संबंध?

तुमच्या मीटरला वीज देते ती मध्य गुजरात वीज कंपनी, म्हणजे एमजीव्हीसीएल. ती स्वतः वीज तयार करत नाही. राज्याच्या चारही सरकारी वितरण कंपन्यांसाठी ठोक खरेदी करते गुजरात ऊर्जा विकास निगम, आणि तिचं मुख्यालय रेसकोर्सवरच्या विद्युत भवनात आहे. १९६० साली स्थापन झालेल्या गुजरात वीज मंडळाचे, म्हणजे जीईबीचे, १ एप्रिल २००५ पासून भाग पडले. निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळ्या कंपन्यांकडे गेलं, खरेदी निगमाकडे आली. कोणत्या क्षणी कुठला संच किती चालवायचा हे पाहणारं राज्य भार प्रेषण केंद्र गोत्रीला आहे. म्हणजे अख्ख्या राज्याची वीज विकत घेण्याचा आणि वाटण्याचा कारभार आपल्या गावातून चालतो. आपल्याला तो दिसतो तो फक्त बिलातून.

देशात होणाऱ्या विजेच्या व्यवहारांतला फार मोठा भाग अजूनही दीर्घ मुदतीच्या करारांनी होतो, २५-२५ वर्षांच्या. एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या लिलावबाजारात, जाते ती साधारण सात-आठ टक्के वीज. तरी चर्चा सगळी एक्स्चेंजची असते, कारण टंचाई आधी तिथे दिसते.

एक्स्चेंजवर भाव ठरतो तरी कसा?

दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. उद्याच्या विजेसाठी आज सकाळी दहा ते बारा या वेळात बोली टाकायची, म्हणून याला डे-अहेड बाजार म्हणतात. खरेदीदार सांगतो, अमुक ब्लॉकला अमुक भावापर्यंत इतके मेगावॅट घेईन. विक्रेता सांगतो, अमुक भावाच्या वर इतके देईन. कोणाची बोली कोणाला दिसत नाही. बारानंतर दोन्ही बाजूंचे आलेख एकमेकांवर टाकतात, ते जिथे छेदतात तो त्या ब्लॉकचा भाव, आणि सगळ्यांना तोच.

आकडे घेऊन पाहू. समजा एका ब्लॉकला चार विक्रेते आहेत: २०० मेगावॅट युनिटला ३ रुपयांना, १५० मेगावॅट साडेपाचला, १०० मेगावॅट ९ ला, आणि गॅसवरचा एक संच, १०० मेगावॅट १४ रुपयांना. मागणी ४०० मेगावॅट असेल तर तिसऱ्या विक्रेत्याची निम्मी वीज लागते, आणि भाव ठरतो ९ रुपये. तीन रुपयांवाल्यालाही नऊच मिळतात. लोकांना हे खटकतं. पण प्रत्येकाला त्याच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे ठरवलं, तर तीनवाला उद्यापासून तीनची बोली लावणारच नाही, साडेआठची लावेल. हे चार विक्रेते लक्षात ठेवा, पुढे परत लागतील.

इंडियन एनर्जी एक्स्चेंज जून २००८ मध्ये सुरू झालं, पीएक्सआयएल हे दुसरं एक्स्चेंज त्याच वर्षी, आणि तिसरं हिंदुस्तान पॉवर एक्स्चेंज २०२२ मध्ये. १ जून २०२० पासून रिअल टाइम बाजारही आहे. त्यात दर अर्ध्या तासाला लिलाव होतो, दिवसाला ४८. रात्री बारा ते साडेबाराची वीज हवी असेल तर पावणेअकरा ते अकरा या पंधरा मिनिटांत बोली.

ग्रिड देशभर एकच आहे ना? मग 'प्रादेशिक' बाजार कशाला म्हणायचं?

ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ ला खऱ्या अर्थाने एक झालं, दक्षिण विभाग त्या दिवशी जोडला गेला. पण तारांची वहनक्षमता अमर्याद नसते. म्हणून बाजाराचे विभाग पाडलेले आहेत. गुजरात, महाराष्ट्र, दमण-दीव, दादरा-नगर हवेली यांचा एक विभाग आहे, त्याला डब्ल्यू-टू म्हणतात. मध्य प्रदेश डब्ल्यू-वन, छत्तीसगड डब्ल्यू-थ्री. दोन विभागांना जोडणारी लाईन भरली की बाजार तिथे फाटतो आणि दोन्हीकडे वेगळे भाव लागतात. त्या फरकाचे पैसे कोणा व्यापाऱ्याला मिळत नाहीत. ते पॉवर सिस्टिम डेव्हलपमेंट फंडात जमा होतात आणि ग्रिड सुधारण्यावर खर्च होतात. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. लाईन भरून राहण्यात कोणाचा फायदा होत असता, तर ती लवकर मोकळी झाली नसती.

प्रादेशिक विचार का करायचा याचं आपल्या भागातलं उदाहरण ३० जुलै २०१२ चं आहे. पश्चिमेकडे पाऊस झाल्यामुळे मागणी कमी होती, उत्तरेकडची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त ओढत होती, आणि सगळा भार बीना ते ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाईनवर आला. ती सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही विभाग कोसळले. आपला पश्चिम विभाग दोन्ही दिवस टिकला. एका विभागातल्या बेशिस्तीची किंमत शेजाऱ्याला किती मोजावी लागू शकते, हे त्या दोन दिवसांत सगळ्यांना समजलं.

योगायोग म्हणजे शिस्तीची पहिली शाळाही पश्चिम विभागातच भरली होती. १ जुलै २००२ ला उपलब्धतेवर आधारित दरपद्धत, म्हणजे एबीटी, देशात सगळ्यात आधी इथे लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर ग्रिडची फ्रिक्वेन्सी (वीज कमी पडली की ती घसरते) जितकी खाली, तितका दंड जास्त. नावाने तो दंड होता, पण खरं तर टंचाईत विजेला तिचा चढा भाव लावण्याची ती आपली पहिलीच पद्धत.

नियंत्रण कोणाचं? दिल्लीचं की गांधीनगरचं?

दोघांचं. राज्याबाहेरचा व्यवहार, एक्स्चेंज आणि आंतरराज्य पारेषण केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे. राज्यातले दर, निगमाच्या करारांना मंजुरी आणि तुमचं बिल गुजरातच्या आयोगाकडे. दोन्हींवर अपील दिल्लीच्या वीज अपीलीय न्यायाधिकरणात, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात. मुळाशी आहे तो २००३ चा वीज कायदा. त्याच्या कलम ६६ मध्ये बाजाराच्या विकासाची जबाबदारी आयोगावर टाकली आहे.

वीज म्हणजे प्रत्यक्ष माल की शेअरसारखा सौदा, यावर सेबी आणि वीज आयोग यांच्यात बरीच वर्षं वाद होता. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये मिटला. प्रत्यक्ष वीज पोचवायची ते सौदे वीज आयोगाकडे, नुसते आर्थिक सौदे सेबीकडे. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये विजेचे फ्युचर्स सुरू झाले.

देशात क्षमता भरपूर आहे म्हणतात. मग टंचाई येते कुठून?

'क्षमता' हा शब्द इथे फसवतो. कागदावरचे मेगावॅट, इंधन हाताशी असलेले मेगावॅट आणि संध्याकाळी साडेसातला चालू शकणारे मेगावॅट हे तीन वेगळे आकडे आहेत.

२००७-०८ मध्ये देशात ऐन मागणीच्या वेळी सोळा टक्क्यांहून जास्त तूट होती. तेव्हा संचच कमी होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये संच होते, पण बऱ्याच केंद्रांवर कोळसा जेमतेम चार दिवसांचा उरला होता. गुजरातचं दुखणं आणखी वेगळं. इथे गॅसवरचे संच भरपूर उभे राहिले, पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस अपेक्षेच्या कितीतरी खाली राहिला. आयात गॅसवर ते चालवायचे तर युनिट इतकं महाग पडतं की निगम शेवटच्या क्षणापर्यंत हात लावत नाही. आणि आता चौथा प्रकार आला आहे. कच्छ-सौराष्ट्रातल्या सौर आणि पवन विजेमुळे दुपारी इतकी वीज असते की मे २०२५ मध्ये एका रविवारी रिअल टाइम बाजाराचा भाव शून्याजवळ गेला होता. सूर्य मावळला की तोच बाजार कमाल भावाला चिकटतो. एकाच दिवशी सुकाळ आणि दुष्काळ. अशा वेळी 'राज्यात किती मेगावॅट आहेत' हा प्रश्न विचारून काहीच कळत नाही, कुठल्या वेळी किती आहेत हे विचारावं लागतं.

३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटला पोचली आणि ती भागलीही. पण तो आकडा दुपारचा होता. रात्रीचं वेगळं.

कमाल भाव कधी लावला?

मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, आयात कोळसा युक्रेन युद्धामुळे भडकला, आणि एक्स्चेंजवर काही ब्लॉकचा भाव २० रुपयांवर गेला. त्यापुढे बोली टाकायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती. १ एप्रिलला केंद्रीय आयोगाने डे-अहेड आणि रिअल टाइम बाजाराला १२ रुपयांची मर्यादा घातली. मे महिन्यात ती इतर सौद्यांनाही लागू झाली. एप्रिल २०२३ पासून मर्यादा १० रुपये आहे.

भाव बांधला म्हणजे वीज स्वस्त झाली, बरोबर?

ज्याला मिळाली, त्याला स्वस्त. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर.

मघाचे चार विक्रेते आठवा. आता मागणी ६०० मेगावॅट आहे आणि मर्यादा १० रुपये. चौदावाला गॅस संच बाहेर पडला, कारण दहाला विकणं म्हणजे दर युनिटला चार रुपये तोटा. उरले ४५० मेगावॅट. भाव दहाला टेकतो आणि दहाची बोली लावणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या मागणीचा पाऊण हिस्सा मिळतो. बाकीचे १५० मेगावॅट कोणालाच मिळत नाहीत. ती कपात मग एखाद्या राज्यात शेतीच्या फीडरवर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाईनवर), एखाद्या राज्यात कारखान्यांवर, कुठे छोट्या गावांवर पडते. भावाने रांग लावली नाही तर रांग दुसरीकडे लागते, एवढंच. २०२२ च्या एप्रिलमध्ये गुजरातने उद्योगांना आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी दिली आणि आंध्रने कारखान्यांची वीज निम्म्यावर आणली, तेव्हा एक्स्चेंजचा भाव कागदावर आटोक्यात होता.

मग मर्यादा काढून टाकायची का? इथेच गणित थोडं खोल आहे. मर्यादा नसती, तर चौथा संच चालला असता आणि ५५० मेगावॅट मिळाले असते. तरी पन्नास कमी पडतात, म्हणजे भाव खरेदीदाराच्या वरच्या टोकाला जातो. तो २० धरू. तासाभराचा हिशेब करा. साडेपाच लाख युनिट गुणिले वीस, म्हणजे १ कोटी १० लाख रुपये. मर्यादेत साडेचार लाख युनिट गुणिले दहा, म्हणजे ४५ लाख. फक्त एक लाख युनिट वाढीव मिळवण्यासाठी ६५ लाख जास्त मोजले. त्या वाढीव विजेचा खरा भाव युनिटला ६५ रुपये पडला, कारण तीन रुपयांवाल्यालाही वीस द्यावे लागले.

म्हणून मर्यादा घालणाऱ्या आयोगाला नुसतं 'बाजारविरोधी' म्हणून मोडीत काढणं बरोबर नाही. टंचाईत शेवटचा विक्रेता सगळ्यांच्या भावाचा मालक होतो. पण मर्यादा घातल्याने एक युनिटही जास्त तयार होत नाही, उलट थोडं कमीच होतं, हेही तितकंच खरं. माझं मत असं की मर्यादा हवी, पण सोबत वीज पुरवण्याची सक्ती आणि महाग संचासाठी वेगळी खिडकी असेल तरच. नुसती मर्यादा म्हणजे भारनियमनाचा निर्णय आयोगाने राज्यांवर ढकलणं.

ती वेगळी खिडकी आहे का?

आहे. मार्च २०२३ मध्ये हाय प्राइस डे-अहेड बाजार सुरू झाला. त्यात गॅस, आयात कोळसा आणि बॅटरीवाले यांनाच विकता येतं. मर्यादा आधी ५० रुपये होती, मग २० झाली. म्हणजे चौदावाल्याला चौदा देता येतात, तीनवाल्याला वीस न देता. कल्पना उत्तम. व्यवहार मात्र तिथे फारच थोडे होतात, कारण वितरण कंपनीला वीस रुपयांचं युनिट घेण्यापेक्षा फीडर बंद करणं स्वस्त पडतं. फीडर बंद केल्याचा खर्च तिच्या ताळेबंदात दिसत नाही, तो पिठाच्या गिरणीवाल्याच्या आणि मुलांच्या परीक्षेच्या हिशेबात जातो.

एखाद्या राज्याने आपल्यापुरता भाव बांधला तर?

कॅलिफोर्नियाने २००० साली हेच केलं. तिथल्या वितरण कंपन्यांना जवळजवळ सगळी वीज स्पॉट बाजारातून घ्यायला लावली होती आणि ग्राहकांचे दर गोठवलेले होते. टंचाई आल्यावर राज्याच्या बाजारात मर्यादा लावली, ती ७५० वरून ५०० आणि मग २५० डॉलर प्रति मेगावॅट-तास अशी खाली आणली. विक्रेत्यांनी वीज राज्याबाहेर विकली आणि 'बाहेरून आयात केलेली' म्हणून चढ्या भावाने परत आत आणली, कारण बाहेरच्या विजेला मर्यादा नव्हती. एन्रॉनचे वीज व्यापारी या खेळांमुळे बदनाम झाले. एप्रिल २००१ मध्ये तिथली पीजी अँड ई ही बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २००१ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आयोगाने मर्यादा पश्चिमेकडच्या अकरा राज्यांना एकत्र लावली, मग खेळ थांबला.

भारतात आयोगाने मर्यादा थेट देशभर आणि सगळ्या एक्स्चेंजना लावली, त्यामुळे ही पळवाट उरली नाही. फक्त मे २०२२ पर्यंतच्या काही आठवड्यांत ती इतर प्रकारच्या सौद्यांतून उघडी होती.

पण देशभर लावली की सुटलो असंही नाही. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये भाव ३०० डॉलरवर बांधल्यावर इतक्या संचांनी माघार घेतली की १५ जूनला बाजारच स्थगित करावा लागला. नऊ दिवस ग्रिड चालकाने हुकूम देऊन संच चालवले. आधी मर्यादा, मग टंचाई, मग हुकूम, हा क्रम लक्षात घ्या. आपल्याकडेही हुकूम आला.

कोणता हुकूम? मुंद्र्याचा?

हो, आणि गुजरातच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

मुंद्र्याचा टाटांचा अल्ट्रा मेगा प्रकल्प सुमारे चार हजार मेगावॅटचा आहे. त्यातले १८०५ मेगावॅट गुजरातचे, ७६० महाराष्ट्राचे, उरलेले पंजाब, हरियाणा आणि राजस्थानचे. बोलीत ठरलेला सरासरी दर होता युनिटला २ रुपये २६ पैसे, तोही २५ वर्षांसाठी. कोळसा इंडोनेशियाचा. २०१० मध्ये इंडोनेशियाने निर्यातीचा कोळसा आंतरराष्ट्रीय भावानेच विकायचा नियम केला आणि गणित कोसळलं. कंपन्या भरपाई मागत आयोगाकडे गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ११ एप्रिल २०१७ चा निकाल असा की परदेशातला कायदा बदलला म्हणून करार मोडत नाही, जोखीम बोली लावणाऱ्याची.

कायदेशीरदृष्ट्या निकाल चोख होता. पण ज्या दराने प्रत्येक युनिटला तोटा होतो, त्या दराने कोण संच चालवणार? सप्टेंबर २०२१ मध्ये कोळसा महागल्यावर मुंद्र्याचे संच बंद झाले. करार हातात, वीज नाही. निगमाला तीच तूट एक्स्चेंजवर कितीतरी चढ्या भावाने भरावी लागली. आणि ती तूट भरायला गुजरात बाजारात उतरला की डब्ल्यू-टू विभागातल्या महाराष्ट्रालाही महाग पडतं, कारण बाजार दोघांचा एकच.

५ मे २०२२ ला केंद्राने वीज कायद्याचं कलम ११ वापरलं. आयात कोळशावरच्या सगळ्या संचांनी पूर्ण क्षमतेने चालावं, कराराच्या राज्यांना आधी वीज द्यावी, उरलेली एक्स्चेंजवर विकावी, आणि दर इंधनाच्या खर्चानुसार समितीने ठरवावा. २०२३ मध्ये पुन्हा तसाच आदेश निघाला. मे-जून २०२४ या काळासाठी गॅसवरच्या संचांनाही तो लागू झाला. 'असाधारण परिस्थिती'साठी असलेलं कलम दर उन्हाळ्यात वापरावं लागत असेल, तर दोष परिस्थितीत कमी आणि करार लिहिण्याच्या पद्धतीत जास्त आहे. सव्वादोन रुपयांत आयात कोळशाची वीज २५ वर्षं मिळेल यावर तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं.

कंपन्या मुद्दाम वीज रोखून भाव चढवतात का?

सिद्ध करणं अवघड असतं. 'संच बिघडला' आणि 'संच बिघडवला' यांतला फरक बाहेरून दिसत नाही. आयोगाच्या २०२१ च्या वीजबाजार नियमांत बाजाराच्या गैरवापराची व्याख्या आहे आणि एक्स्चेंजवर पाळत ठेवण्याची तरतूदही. पण त्याहून परिणामकारक मला केंद्र सरकारच्या विलंब आकार नियमांतली २०२४ ची दुरुस्ती वाटते. करारातल्या राज्याने नको म्हटलेली वीज कंपनीने बाजारात आणलीच नाही, तर तेवढ्या क्षमतेचा स्थिर आकार, म्हणजे वीज घेतली नाही तरी मिळणारे पैसे, मागता येणार नाही. हेतू शोधत बसण्यापेक्षा पैसे थांबवणं सोपं.

माझा मकरपुऱ्यात, सावलीत किंवा नंदेसरीत कारखाना आहे. ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीऐवजी थेट, एक्स्चेंजवरून वीज घेऊ का?

एक मेगावॅटच्या वर भार असेल तर घेता येते. हरित वीज घ्यायची असेल तर २०२२ च्या नियमांनी मर्यादा १०० किलोवॅटवर आणली आहे. पण एक्स्चेंजचा भाव पाहून हुरळून जाऊ नका. त्यावर पारेषण आकार, व्हीलिंग (वितरण कंपनीच्या तारा वापरण्याचं भाडं), तारांतली वीजगळती, क्रॉस सबसिडी सरचार्ज (इतर ग्राहकांना स्वस्त वीज देण्यातला तुमचा वाटा) आणि अतिरिक्त सरचार्ज चढतात. शिवाय वितरण कंपनीची करारमागणी ठेवली असेल तर तिचा स्थिर आकार चालूच.

अतिरिक्त सरचार्ज का, याचं उत्तर कारखानदारांना आवडत नाही. स्वस्ताईत तुम्ही एक्स्चेंजवर जाता. भाव दहाला टेकला की त्याच दिवशी कंपनीकडे परत येता, म्हणजे नेमकी तिला वीज कमी असते तेव्हा. तुमच्यासाठी तिने क्षमता धरून ठेवायची, तर तिचा खर्च कोणीतरी द्यायला हवा. आकार किती असावा यावर भांडा, ते रास्त आहे. आयोगाच्या जाहीर सुनावणीत हरकत नोंदवता येते आणि ती कोणालाही नोंदवता येते.

व्यवहारात इतकं करा. मागच्या बारा महिन्यांचं तुमचं पंधरा मिनिटांचं मीटर रीडिंग मागवा. भार दुपारी हलवता येतो का ते पाहा. भट्टी किंवा कॉम्प्रेसर दुपारी चालत असेल तर दुपारच्या ब्लॉकसाठी बोली लावण्यात अर्थ आहे. तिन्ही पाळ्या सारख्याच चालत असतील, तर संध्याकाळचे ब्लॉक दुपारचा सगळा फायदा खाऊन टाकतात.

घरच्या बिलात याचं काय दिसतं?

फ्युएल चार्जची ओळ, म्हणजे एफपीपीपीए. इंधन आणि वीजखरेदीचा खर्च जितका वाढला, तितका तिमाहीला या ओळीतून वसूल होतो. तिमाहीला दहा पैशांपर्यंतची वाढ आयोगाच्या आधीच्या परवानगीशिवाय लावता येते, त्यापुढे विचारावं लागतं. हा आकार २ रुपये ८५ पैशांपर्यंत चढला होता. ऑक्टोबर २०२४ पासून ४० पैसे कमी होऊन २ रुपये ४५ झाला. घरगुती ग्राहकांच्या पहिल्या टप्प्यांत मूळ दराशी तुलना केली तर ही ओळ किती मोठी आहे ते कळेल. मूळ दर वाढला की वर्तमानपत्रात बातमी येते, ही ओळ वाढली की क्वचितच.

सरदार सरोवर इतकं जवळ आहे. ती वीज आपली नाही का?

सोळा टक्के. १४५० मेगावॅटपैकी मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७. नर्मदा केवड्याला असली तरी वीज जास्त इंदूरकरांची. नदीकाठच्या वीजगृहातले सहा संच उलटे फिरून पाणी वर चढवू शकतील असे आहेत, आणि खालचा गरुडेश्वरचा बंधारा त्यासाठीच बांधला. दुपारच्या फुकट सौर विजेने पाणी वर आणि संध्याकाळी खाली, असं तीन राज्यांनी मिळून चालवलं तर आपल्या विभागाला ते नव्या कोळशाच्या संचापेक्षा उपयोगाचं ठरेल.

थकबाकीदार राज्यांना एक्स्चेंजवरून काढतात हे खरं?

खरं. २०२२ च्या विलंब आकार नियमांनुसार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १३ राज्यांतल्या २७ वितरण कंपन्यांना खरेदी-विक्री बंद केली होती. बहुतेकांनी काही दिवसांत पैसे भरले. गुजरात त्या यादीत नव्हता.

मार्केट कपलिंगने काय बदलेल?

आज प्रत्येक एक्स्चेंज आपला भाव स्वतंत्र काढतं, आणि जवळजवळ सगळी उलाढाल एकाच ठिकाणी होते. कपलिंगमध्ये सगळ्यांच्या बोली एकत्र करून एकच भाव काढायचा. केंद्रीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये डे-अहेड बाजारासाठी तसा निर्णय घेतला, आणि लगेच शेअर बाजारात इंडियन एनर्जी एक्स्चेंजच्या शेअरचा भाव जोरात आपटला. टंचाईच्या दृष्टीने फारसं काही बदलणार नाही. विक्रेते तेच आहेत.

मग संध्याकाळची टंचाई कमी व्हायची कशी?

तीन गोष्टी चालू आहेत. पहिली, २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक वितरण कंपनीला पुढच्या वर्षांची मागणी आणि त्यासाठी बांधून घेतलेली क्षमता दाखवणं भाग पडलं आहे. शेवटच्या क्षणी एक्स्चेंजवर धावणाऱ्याला आता आधी हिशेब द्यावा लागेल. दुसरी, वेळेनुसार दर. केंद्राच्या नियमांनुसार सौर तासांत स्वस्त आणि ऐन मागणीच्या तासांत महाग. तिसरी, बॅटरी. निगमाने स्वतः बॅटरी साठवणुकीच्या निविदा काढल्या आहेत. त्यात बॅटरीवाल्याला दर मेगावॅटला महिन्याचं ठरीव भाडं मिळतं आणि दिवसाला किती वेळा भरायची, कधी रिकामी करायची हे निगम ठरवतो. दुपारी शून्याजवळ घेतलेली वीज संध्याकाळी दहाला टेकलेल्या बाजारात उतरली, की मघाच्या यादीत पाचवा विक्रेता आला. तो चौदाच्या आत विकू शकला तर त्या ब्लॉकला गॅस संच पेटवायची गरज पडत नाही.

निविदांचे निकाल, भाडं आणि मंजुरीचे आदेश गुजरात आयोगाच्या संकेतस्थळावर याचिकांच्या यादीत असतात. इंग्रजीत आणि कंटाळवाणे असतात, पण पुढच्या दोन वर्षांतली फ्युएल चार्जची ओळ त्यांतूनच येणार आहे.